शिकागोच्या पदकावरचे नाव: जागतिक प्रदर्शनांच्या चार पदकांच्या खरेदीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संग्राहक, विक्रेते कुटुंब, मध्यस्थ व्यापारी आणि पदकावर जिचे नाव आहे ती पेढी यांची ओळख लपवली आहे. पदकांचे वर्णन आणि घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखक पदकांच्या तपासणीत सहभागी होता आणि पुढच्या चर्चेतही होता.

पार्श्वभूमी

लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1851 साली भरलेल्या प्रदर्शनापासून जागतिक प्रदर्शनांची जी परंपरा सुरू झाली, तिच्यातील पदकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात आठवण म्हणून कोणालाही विकत घेता येणारी पदके येतात, आणि दुसऱ्यात प्रदर्शकांना किंवा परीक्षकांनी निवडलेल्यांना अधिकृतपणे दिलेली. दुसऱ्या वर्गातील अनेक पदकांवर मानकऱ्याचे नाव असते. 1851 च्या बक्षीसपदकावर ते कडेवर ठोकलेले आढळते, पॅरिसच्या 1889 आणि 1900 च्या पदकांवर त्यासाठी चौकट राखलेली असते, तर शिकागोच्या 1893 च्या पदकावर ते मागील बाजूच्या लहानशा पाटीवर येते. या नावांमुळेच हे क्षेत्र नाणेसंग्रहापेक्षा वेगळे ठरते. एकाच ठशाची हजारो नाणी परस्परांसारखी असतात. नाव असलेले पदक मात्र एका माणसाचे किंवा एका पेढीचे असते.

मुंबईचा या प्रदर्शनांशी संबंध फार जुना आहे. पॅरिसच्या 1855 च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून जे नमुने गोळा केले गेले, त्यांतील जोडनमुने, म्हणजे प्रत्येकाची दुसरी प्रत, येथेच ठेवण्यात आले आणि आज भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयाची सुरुवात त्या साठ्यातून झाली. चंदनाच्या लाकडावर हस्तिदंत, शिंग आणि धातूच्या बारीक तुकड्यांची भौमितिक नक्षी बसवलेल्या ज्या पेट्या परदेशी बाजारात 'बॉम्बे बॉक्स' म्हणून खपत, त्याही या प्रदर्शनांतून जगापुढे गेल्या.

प्रकरणातील संग्राहक पुण्यात राहणारे निवृत्त यंत्र अभियंता आहेत. आधी ते संस्थानी नाणी जमवत. पुढे हिंदुस्थानी मानकऱ्यांची नावे असलेल्या प्रदर्शनपदकांकडे वळले. त्यांना गिरगावातील एका चाळीतून निरोप आला. चाळीचा पुनर्विकास ठरला होता, बिऱ्हाडे रिकामी करायची होती, आणि एका खोलीतील पत्र्याच्या पेटीत चार 'बिल्ले' निघाले होते. विक्रेत्या वयोवृद्ध होत्या. संग्राहक त्यांना काकू म्हणत आणि या लिखाणातही तेच संबोधन वापरले आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेत नोकरीला असून फोनवरून सर्व चर्चेत भाग घेत होता.

चार पदके अशी होती. तिसऱ्या नेपोलियनचे शीर असलेले पॅरिसचे 1855 चे, दक्षिण केन्सिंग्टन येथे भरलेल्या 1886 च्या वसाहती व हिंदुस्थान प्रदर्शनाचे, शिकागोचे 1893 चे आणि पॅरिसचे 1900 चे. घरातील समज असा की काकूंचे आजेसासरे नामांकित कारागीर होते, 1855 चे पदक त्यांच्या वडिलांनी मिळवले आणि शिकागोचे 'सुवर्णपदक' आजेसासऱ्यांनी स्वतः तिथे जाऊन आणले.

समस्या

काकूंना चारही पदके एकत्र विकायची होती, आणि तीही घर सोडण्यापूर्वी. पहिल्याच भेटीत संग्राहकांनी पदके वरवर पाहून एक ठोक रक्कम सांगितली आणि काकूंनी ती मान्य केली. लेखी काही झाले नाही; शब्द मात्र दिला गेला. काकूंच्या हिशेबात त्या रकमेतील मोठा वाटा 1855 च्या पदकाचा होता. "सगळ्यांत जुनं तेच, तेव्हा किंमत त्याचीच," असे त्या म्हणाल्या.

दोनच दिवसांत तीन गोष्टी घडल्या. एका व्यापाऱ्याने फक्त शिकागोच्या पदकासाठी स्वतंत्र बोली लावली. त्याचा ग्राहक परदेशात होता आणि पदक आठवणवस्तू म्हणून टपालाने पाठवण्याचा त्याचा विचार होता. पुतण्यालाही तेच पदक हवे होते, पण स्वतःजवळ ठेवण्यासाठी आणि पुढच्या भेटीत सोबत नेण्यासाठी. तिसरी गोष्ट घरातच झाली. पाहुण्यांना दाखवण्यापूर्वी पदके उजळावीत म्हणून 1886 चे पदक चिंच आणि मिठाने घासण्यात आले. इतर तीन पदके त्यातून वाचली, ती संग्राहकांनी योगायोगाने त्याच दुपारी फोन केला म्हणून.

तपासणीत काय आढळले

दुसऱ्या भेटीत व्हर्नियर हे सूक्ष्म मोजमापाचे साधन, भिंग आणि तिरपा प्रकाश यांच्या साहाय्याने प्रत्येक पदक नीट तपासले, आणि सुरुवात कडेपासून केली. नवख्या संग्राहकाला पदकाच्या दोन बाजूंचा मोह पडतो. वय आणि जन्मस्थान मात्र पुष्कळदा कडेवर लिहिलेले असते. पॅरिसच्या टांकसाळीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. 1845 ते 1860 या काळात तिच्या पदकांच्या कडेवर बोट दाखवणारा हात असतो, 1860 ते 1880 मधमाशी आणि 1880 नंतर समृद्धीचे शिंग. 1855 च्या पदकाच्या कडेवर शिंग होते आणि त्यापुढे ब्राँझ असा शब्द. म्हणजे ठसा 1855 चा असला, तरी हे पदक त्या ठशावरून पंचवीस वर्षांनी किंवा त्याहूनही नंतर पाडलेले, संग्राहकांच्या भाषेत रीस्ट्राइक होते. टांकसाळ जुने ठसे जपून ठेवी आणि त्यांवरून पदके पाडून विकत असे, त्यामुळे यात कोणाची लबाडी नव्हती. मात्र हे पदक 1855 साली कोणालाही मिळालेले नव्हते.

1900 चे पदक ज्यूल-क्लेमाँ शाप्लँ यांच्या सुंदर रचनेचे आणि अस्सल होते. नावाची चौकट रिकामी होती. अशी पदके बाजारात नेहमी दिसतात.

1886 चे पदक लिओनार्ड वायन यांच्या रचनेचे, दर्शनी बाजूस प्रिन्स ऑफ वेल्सचे शीर असलेले. ते प्रदर्शकांना दिले जाई आणि त्यावर नाव नसे. घासल्यामुळे त्याचा मूळचा तपकिरी थर गेला होता, उंचवट्यांवर गुलाबीसर तांबूस धातू उघडा पडला होता आणि अक्षरांच्या खाचांत पांढुरका गाळ बसला होता.

खरा वेळ गेला तो शिकागोच्या पदकात. त्याची दर्शनी बाजू शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेली असून तिच्यावर कोलंबस किनाऱ्यावर पाऊल ठेवताना दिसतो. मागील बाजूही त्यांनीच घडवली होती. परंतु तिच्यावरील नग्न युवकाच्या आकृतीवरून वाद उठला, ती नामंजूर झाली आणि अमेरिकी टांकसाळीतील चार्ल्स बार्बर यांची रचना वापरण्यात आली. एकाच पदकाच्या दोन बाजूंवर दोन भिन्न प्रतिभांचे हात दिसतात ते त्यामुळे. पदकाचा व्यास सुमारे 76 मिलिमीटर. नावासाठी ठशात बदलता येणारा छोटा तुकडा बसवला जाई. बक्षिसांची संख्या वीस हजारांहून अधिक असल्याने प्रत्येक नाव हाताने कोरणे परवडणारे नव्हते, म्हणून अस्सल पदकावरील नाव कोरलेले नसते, ठशातूनच उठावात आलेले असते.

या पदकाच्या नकला दोन प्रकारे होऊ शकतात. साच्यात ओतलेल्या नकलेत धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे व्यास किंचित कमी भरतो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात आणि बारीक रेषा बोथटतात. विद्युतप्रक्रियेने तयार केलेली नक्कल दोन पातळ कवचे जोडून केलेली असते. तिच्या कडेवर सांधा सापडतो आणि वजन जुळत नाही. येथे व्यास बरोबर होता, कड अखंड होती, रेषा धारदार होत्या आणि पाटीवरील नाव बाकीच्या अक्षरांसारखेच उठावाचे होते. पदक अस्सल होते याविषयी तपासणाऱ्यांत दुमत राहिले नाही.

घरातील समज मात्र दोन ठिकाणी ढासळला. शिकागोला सोन्याची आणि चांदीची श्रेणी नव्हतीच, सर्व मानकऱ्यांना एकाच प्रकारचे ब्राँझ पदक मिळाले. दुसरे असे की प्रदर्शन ऑक्टोबर 1893 मध्ये संपले, तरी पदके तयार होऊन वाटली गेली ती 1896 साली. तेव्हा प्रदर्शनाहून परतताना कोणी हे पदक सोबत आणले असेल, हे शक्य नव्हते. शिवाय पाटीवरचे नाव काकूंच्या घराण्याचे नव्हते. ते मुंबईतील एका पेढीचे होते.

येथे संग्राहकांनी जो प्रश्न विचारला, तो या प्रकरणातील सर्वांत मोलाचा ठरला. पदकाची डबी आणि कागद आहेत का, असे त्यांनी विचारले. शिकागोची पदके ॲल्युमिनियमच्या डबीत दिली जात. 1886 साली विद्युतप्रक्रियेने तो काढण्याची रीत सापडेपर्यंत महाग असलेला हा धातू तेव्हा नुकताच आवाक्यात येत होता, आणि त्या डबीतही काळाचा अभिमान दिसतो. काकूंनी थोडा विचार करून शिवणाच्या सामानातून एक चपटी डबी काढली. तिच्यात बटणे आणि सेफ्टीपिना होत्या आणि ती भंगारात द्यायच्या ढिगावर जाणार होती. पदक तिच्यात अचूक बसले.

पदकासोबतचे मानपत्र भिंतीवर चौकटीत होते. डावा कोपरा वाळवीने खाल्ला होता, तरी पेढीचे नाव आणि परीक्षकांनी कामाविषयी दिलेला अभिप्राय वाचता येत होता. चौकटीच्या मागे आधार म्हणून मोडी लिपीतील हिशेबाची दोन पाने घातलेली होती. मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांनी ती वाचली तेव्हा शके 1814 मधील एक नोंद मिळाली. शिकागोसाठी करायच्या चंदनी पेटीच्या कामापोटी काकूंच्या आजेसासऱ्यांच्या नावे रक्कम खर्ची टाकली होती.

पर्यायांचा विचार

आता शब्द दिलेल्या रकमेचा अर्थच बदलला होता. काकू ज्याला सर्वांत मौल्यवान समजत होत्या ते पदक चौघांत किरकोळ ठरले, आणि ज्याला त्या दुय्यम मानत होत्या ते मुंबईच्या पेढीचे नाव, मूळ डबी, मानपत्र आणि हिशेबाची नोंद यांमुळे त्या संग्राहकांनी पाहिलेल्या सर्वांत पूर्ण वस्तूंपैकी एक झाले. हे ज्ञान फक्त एका पक्षाजवळ होते.

संग्राहकांच्या मित्रमंडळात यावर तीव्र मतभेद झाले. काहींचे म्हणणे असे की व्यवहार ठरला तो ठरला. 1855 च्या पदकात नुकसान निघाले असते तर ते संग्राहकांनीच सोसले असते, मग लाभ का सोडावा? शिवाय अभ्यासाला वर्षे लागतात आणि खरेदीतील लाभ हाच त्याचा मोबदला असतो. दुसऱ्या बाजूचे मत असे की डबी, मानपत्र आणि मोडी पाने शब्द दिला तेव्हा व्यवहारात नव्हतीच. त्यांच्याविषयी नव्याने बोलल्याशिवाय ती जुन्या रकमेत ओढून घेणे योग्य नाही. प्रस्तुत लेखक दुसऱ्या मताचा आहे आणि त्याला आणखी एक कारण आहे. या क्षेत्रातील बहुतेक चांगल्या वस्तू घराघरांतून येतात. एका घराला फसवले गेल्याची भावना झाली, की पुढची दहा घरे आपले कागद दाखवतच नाहीत.

फक्त शिकागोचे पदक घेणे हा दुसरा पर्याय होता. तो पैशाच्या दृष्टीने सोपा होता, परंतु त्यात काकूंजवळ विकण्यास कठीण अशी तीन पदके उरली असती. संग्रहालयाला देण्याचाही विचार झाला. पुतण्याला तो पटत होता, मात्र काकूंना स्थलांतराच्या खर्चासाठी पैशांची निकड होती आणि संस्थेची स्वीकृतीप्रक्रिया घर रिकामे करण्याच्या मुदतीत पूर्ण होण्यासारखी नव्हती.

परदेशी बोलीचा पर्याय कायद्यानेच बाद केला. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि उल्लंघनासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. वस्तू लहान आहे, मूळची अमेरिकेचीच आहे किंवा आठवणवस्तू आहे, या सबबी तिथे उपयोगी पडत नाहीत. हे व्यापाऱ्याला जसे लागू होते तसेच पुतण्यालाही. आपल्याच घरातील वस्तू आपण नेऊ शकत नाही, हे त्याला आधी मान्य होईना आणि त्याची अस्वस्थता समजण्यासारखी होती.

निर्णय आणि कार्यवाही

संग्राहकांनी काकूंना सर्व निष्कर्ष सांगितले आणि पुतण्यालाही फोनवर त्याच वेळी सामील करून घेतले. प्रत्येक पदक, डबी, मानपत्र आणि मोडी पाने यांची वेगवेगळी किंमत लिहून दिली. 1855 च्या पदकाची किंमत पहिल्या अंदाजापेक्षा खूप उतरली, शिकागोच्या संचाची त्याहून अधिक चढली, आणि एकूण रक्कम आधी ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेली. दुसऱ्या कोणाकडून किंमत करून घ्यायची असल्यास तसे करा, घर सोडेपर्यंत माझी तयारी कायम आहे, असेही त्यांनी सांगितले. काकूंनी तसे केले नाही.

व्यवहाराची रीतसर पावती झाली. तिच्यासोबत काकूंच्या तोंडून ऐकलेली घराण्याची हकिकत, त्यांच्याच शब्दांत, वेगळ्या कागदावर लिहून त्यांची सही घेतली. त्या हकिकतीतील जे पुराव्याला धरून नव्हते तेही गाळले नाही, केवळ शेजारी नोंद केली. घराण्याची आठवण चुकली असली, तरी ती कशी घडली हाही इतिहासच आहे. पुतण्याला पदकाच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, मानपत्राची पूर्ण आकाराची प्रत आणि मोडी नोंदीचे देवनागरी लिप्यंतर देण्यात आले.

मानपत्र प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करावे, अशी पुतण्याची सूचना होती. ती संग्राहकांनी मानली नाही, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुखरूप सुटत नाही. मानपत्र आम्लरहित कागदांमध्ये ठेवून कागद-संवर्धकाकडे सोपवले.

1886 च्या पदकाचे काम अधिक अवघड निघाले. चिंचेतील आम्लाने संरक्षक थर काढला होता आणि मिठातील क्लोराइड धातूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरले होते. हवेतला ओलावा मिळाला की अशा क्लोराइडमुळे ब्राँझ आतून खात जाते आणि फिकट हिरवी भुकटी वर येते. संग्राहक याला ब्राँझचा रोग म्हणतात. पदक इतरांपासून वेगळे ठेवले, ऊर्ध्वपातित पाण्यात वारंवार पाणी बदलत भिजवले, पूर्ण वाळवले आणि सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवले.

निष्पत्ती

शिकागोचे पदक, डबी, मानपत्र आणि मोडी पाने आज एकाच नोंद क्रमांकाखाली एकत्र आहेत. ती कधीही सुटी विकायची नाहीत, असे संग्राहकांनी आपल्या इच्छापत्रात लिहिले आहे. 1855 चे पदक रीस्ट्राइक ओळखण्याचा नमुना म्हणून नव्या संग्राहकांना दाखवले जाते.

1886 च्या पदकावर पहिल्याच पावसाळ्यात दोन ठिकाणी हिरवी भुकटी दिसली. तेव्हा ते धातू-संवर्धकाकडे गेले. तिथे बेन्झोट्रायझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करून त्यावर मेणाचा पातळ थर दिला गेला. रोग सध्या थांबला आहे. गेलेला तपकिरी थर मात्र परत येणार नाही.

नोंदवहीत शिकागोच्या पदकापुढे मानकरी म्हणून पेढीचे नाव आहे आणि खाली 'चंदनी पेटीचे काम: पेढीच्या हिशेबानुसार अमुक कारागीर' अशी ओळ आहे. पदक कारागिराच्या घरी कसे आले, हे हिशेबाच्या नोंदीतून सिद्ध होत नाही. पेढीच्या मालकाने ते कामाच्या गौरवार्थ दिले असेल किंवा पेढी बंद होताना ते हाती आले असेल. म्हणून नोंदीत 'घराण्याची परंपरा' असा शब्दप्रयोग आहे, 'दिले' असा नाही. तरीही ती दुसरी ओळ प्रस्तुत लेखकाला फार महत्त्वाची वाटते. या प्रदर्शनांनी बक्षिसे बहुधा पेढ्यांना, संस्थानिकांना आणि सरकारी खात्यांना दिली. ज्यांच्या हातून वस्तू घडली ते मागेच राहिले. 1886 च्या लंडनच्या प्रदर्शनात तर हिंदुस्थानी कारागिरांना प्रेक्षकांसमोर बसवून काम करायला लावले होते, आणि त्यांतील कित्येक जण आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले होते. कारागिराचे नाव पदकाच्या शेजारी येण्याची संधी क्वचित मिळते, आणि येथे ती चौकटीमागच्या दोन पानांमुळे मिळाली.

काय वेगळे करता आले असते

ठोक रक्कम पहिल्याच भेटीत सांगायला नको होती. कड पाहण्यास काही मिनिटे पुरतात. ती आधी पाहिली असती, तर शब्द देण्याघेण्याचा पेच उद्भवलाच नसता. तपासणीची बोली करून, पावती देऊन पदके एका दिवसासाठी मागून घेणे हा सरळ मार्ग होता.

काहीही पुसू नका, घासू नका, ही सूचना फोनवरील पहिल्या बोलण्यातच द्यायला हवी होती. आपल्या घरांत तांब्यापितळेची भांडी उजळणे ही चांगली सवय समजली जाते, त्यामुळे विक्रेता आपुलकीनेच वस्तू घासून ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सांगण्याची जबाबदारी जाणकाराची आहे.

पदके सुरुवातीला पीव्हीसीच्या मऊ खिशांत ठेवली गेली, हेही टाळता आले असते. हे प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडते आणि ब्राँझवर हिरवट चिकटा धरतो. नंतर ती पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवली.

निर्यातीचा कायदा पुतण्याला सर्वांत शेवटी कळला आणि तोही नकाराच्या रूपात. तो पहिल्याच संभाषणात सांगितला असता, तर संग्राहक आपल्या सोयीसाठी कायदा पुढे करत आहेत असा संशय त्याच्या मनात आला नसता. तो संशय दूर व्हायला बरेच महिने लागले. त्यानंतर त्यानेच घरातील एका जुन्या छायाचित्राची प्रत पाठवली. त्यात आजेसासरे एका चंदनी पेटीशेजारी बसलेले आहेत. ती पेटी शिकागोला गेलेलीच आहे का, हे मानपत्रातील वर्णनाशी नक्षी ताडून पाहण्याचे काम सध्या चालू आहे.